धनी, गडी आणि ‘मैत्री’ : ‘नोव्हेचेन्तो’च्या एका लाडक्या वाचनाविषयी

बर्नार्दो बेर्तोलुच्ची यांचा ‘नोव्हेचेन्तो’ (१९७६) हा चित्रपट आपल्याकडील परिसंवादांतून आणि प्रबंधिकांतून ज्या एका वाक्यात गुंडाळून ठेवला जातो, ते वाक्य साधारणपणे असे असते : एकाच दिवशी जन्मलेल्या जमीनदाराच्या आणि शेतमजुराच्या मुलांची मैत्री वर्ग, पक्ष आणि युद्ध यांच्या पलीकडे टिकून राहते, म्हणून हा चित्रपट राजकीय असूनही मानवी आहे. या वाक्यातील ‘असूनही’ हे अव्यय निरागस नाही. राजकारण हे मानवी जीवनाच्या बाहेरचे काहीतरी आहे, ते वरून येऊन नात्यांवर आदळते आणि थोर कलावंत त्याच्या तडाख्यातून नाती सोडवून आपल्या हाती देतो, असा एक संपूर्ण सौंदर्यसिद्धान्त या चार अक्षरांत दडलेला आहे. आस्वादक समीक्षेने हा सिद्धान्त कधी मांडला नाही, कारण तो मांडावा लागत नाही. तो गृहीतच असतो. प्रस्तुत लेखाचा रोख त्या गृहीतावर आहे. ‘नोव्हेचेन्तो’मधील मैत्री वर्गाच्या पलीकडे जात नाही. किंबहुना वर्गसंबंध ज्या रूपात मालकाला सुसह्य आणि सुंदर वाटतो, ते रूप म्हणजे ही मैत्री होय. चित्रपटाला हे कळते, निदान त्याच्या पूर्वार्धाला कळते. पुढे तोच चित्रपट स्वतःच्या या आकलनाला घाबरतो आणि त्याला घाबरण्याची जी संधी मिळते, तिचेच आपण ‘मानवी’ म्हणून कौतुक करतो.

कथानक थोडक्यात आठवू या. २७ जानेवारी १९०१, म्हणजे संगीतकार व्हेर्दी वारला तो दिवस. एमिलिया प्रांतात, पार्माच्या परिसरातील एका मोठ्या वाड्यावर बेर्लिंगिएरी या जमीनदार घराण्यात अल्फ्रेदो जन्मतो आणि त्याच आवारात राबणाऱ्या दाल्को कुटुंबात ओल्मो जन्मतो. ओल्मोला बापाचे नाव नाही. पुढे १९०८चा शेतमजुरांचा संप, पहिले महायुद्ध, फॅसिस्ट टोळ्यांचा उदय, मुसोलिनीची राजवट आणि अखेर २५ एप्रिल १९४५चा मुक्तिदिन असा पट उलगडत जातो. चित्रपट सुरू होतो तो या शेवटच्या दिवसापासून, आणि त्याही आधी श्रेयनामावलीच्या पार्श्वभूमीवर पेलित्सा दा व्होल्पेदो यांचे ‘इल क्वार्तो स्तातो’ हे १९०१ साली पूर्ण झालेले चित्र दिसते. कॅमेरा एका श्रमिकाच्या चेहऱ्यापासून मागे सरत जातो आणि त्याच्या मागे चालत येणारा जमाव चौकटीत मावू लागतो. एका चेहऱ्याकडून समूहाकडे जाणारी ही हालचाल हे चित्रपटाने दिलेले वचन आहे. ते पाळले जाते का, हा प्रश्न विचारण्याऐवजी आपण पुन्हा दोन चेहऱ्यांकडे परतण्याची घाई करतो.

शीर्षकाचेही तसेच झाले. ‘नोव्हेचेन्तो’ म्हणजे विसावे शतक. इंग्रजी वितरणात त्याचे ‘१९००’ झाले आणि शतकाचे एक साल उरले.

पूर्वार्धातील दोन भोजनप्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. दाल्कोंच्या लांबलचक जेवणाच्या टेबलावर वृद्ध लिओ नातवाला, ओल्मोला, बोलावतो. पोर ताटांमधून वाट काढत टेबलावरून चालत येते आणि आजोबा त्याला सर्वांसमक्ष सांगतो की तू लिहावाचायला शिकशील, सैन्यात जाशील, पण शेतकऱ्याच्या कुळातला ओल्मो दाल्कोच राहशील. दुसरीकडे बेर्लिंगिएरींच्या मेजावर बेडकांची डिश येते. याच बेडकांची माळ टोपीला गुंडाळून हिंडणारा ओल्मो आपण आधी पाहिलेला असतो. अल्फ्रेदोला ती खाववत नाहीत. या नकारात मित्राविषयीची हळवी निष्ठा पाहणारे वाचन मला ठाऊक आहे. ते चूक आहे असे म्हणत नाही, अपुरे आहे. एकाच्या टेबलावर माणसाचे भवितव्य सांगितले जाते, दुसऱ्याच्या टेबलावर आवडनिवड विचारली जाते. बेडूक पकडणे हे एकासाठी काम आहे आणि ते न खाणे ही दुसऱ्यासाठी संवेदनशीलता आहे. मालकाच्या मुलाची संवेदनशीलता गड्याच्या मुलाच्या कामावर पोसली जाते, हे बेर्तोलुच्ची इथे एकही शब्द न उच्चारता दाखवतात. अशा वेळी त्यांच्या दिग्दर्शकीय बुद्धीबद्दल आदरच वाटतो.

आगगाडीच्या रुळांचा प्रसंगही याच जातीचा. ओल्मो रुळांच्या मधे पालथा पडतो, गाडी वरून निघून जाते. अल्फ्रेदोला ते धाडस होत नाही. याला ‘बालपणीचे साहस’ म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. ओल्मोला आपल्या देहापलीकडे पणाला लावण्याजोगे काही नाही, आणि अल्फ्रेदोपाशी देह सोडून बाकी सर्व काही आहे. महायुद्धातून ओल्मो आघाडीवरून परततो, तेव्हा अल्फ्रेदो अधिकाऱ्याच्या गणवेशात त्याला भेटतो. तो आघाडीवर कधी गेलेलाच नसतो. दोघे मिठी मारतात. ही मिठी खोटी आहे काय? मुळीच नाही. ती खरी आहे, म्हणूनच तिच्याविषयी लिहावे लागते. खोट्या मैत्रीची समीक्षा करायला समीक्षक लागत नाही.

इथे एका शब्दाकडे वळले पाहिजे. इटालियन ‘पाद्रोने’ या शब्दाचे भाषांतर आपण सहजपणे ‘मालक’ असे करतो. परंतु ‘पाद्रोने’च्या मुळाशी लॅटिन ‘पातेर’, म्हणजे बाप, आहे. मालकी हा कायद्याचा संबंध आहे. ‘पाद्रोने’मध्ये पोशिंदेपणाचा दावाही आहे. मराठीत यासाठी ‘धनी’ हा शब्द आहे. गुरांचा धनी, घराचा धनी आणि स्त्रीचाही धनी. ‘मायबाप’ हे त्याचे संबोधन. धन्याचे हे बापपण जिथे हयात असते तिथे त्याच्या मुलाशी गड्याच्या मुलाचे सख्य होण्यात काहीच अडचण नसते. उलट ते सख्य घरच्या शोभेचाच भाग असते. वृद्ध अल्फ्रेदो बेर्लिंगिएरी (बर्ट लँकेस्टर) नातवाच्या जन्माच्या आनंदात शॅम्पेनच्या बाटल्या घेऊन गवत कापणाऱ्या माणसांकडे जातो. लिओ (स्टर्लिंग हेडन) मात्र विळ्याला धार लावायचे थांबत नाही. पहिल्या पिढीत धनी गड्याकडे जातो आणि गडी त्याचे सख्य नाकारत नाही, पण स्वीकारण्याची घाईही करत नाही. हे अंतर राखण्याचे शहाणपण तिसऱ्या पिढीत हरवते, आणि आपण त्या हरवण्याला ‘मैत्री’ म्हणतो.

चित्रपटाचा मध्यबिंदू माझ्या मते अल्फ्रेदोच्या लग्नाच्या दिवशी आहे. अत्तीला (डोनाल्ड सदरलंड) हा वाड्याचा कारभारी आणि फॅसिस्टांचा स्थानिक म्होरक्या. तो आणि रेजीना पात्रित्सिओ नावाच्या एका मुलाचा अमानुष खून करतात. आळ ओल्मोवर येतो. काळे डगलेवाले त्याला पाहुण्यांदेखत बेदम मारतात. आणि अल्फ्रेदो, आता वडिलांच्या मृत्यूनंतर वाड्याचा धनी झालेला अल्फ्रेदो, उभा राहून पाहतो. त्याचा काका ओत्ताव्हिओ ओरडतो, विरोध करतो आणि पुढे तो वाडा कायमचा सोडतो. म्हणजे बोलणे शक्य होते. न बोलण्याची किंमत एकाला कळली आणि दुसऱ्याने न बोलणे निवडले. ‘मैत्री टिकते’ असे लिहिणाऱ्यांनी या काही मिनिटांचे काय केले, हे मला आजवर कोणत्याही लेखात सापडलेले नाही. बहुधा ती ‘अल्फ्रेदोची दुर्बलता’ या शीर्षकाखाली जमा होतात. दुर्बलता हा स्वभावविशेष. त्यामुळे प्रश्न मानसशास्त्राकडे जातो आणि मिटतो. परंतु पुढे काय होते? बऱ्याच काळानंतर, पत्नी आदा आपल्यापासून तुटते आहे हे उमगल्यावर, अल्फ्रेदो अत्तीलाला नोकरीवरून काढून टाकतो. एका वाक्यात. तेव्हा फार उशीर झालेला असतो, हे खरे. पण समीक्षकाने लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. अत्तीलाला काढण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून त्याचाच होता. अत्तीला त्याचा पगारी माणूस होता. दुर्बल माणसाच्या हाती एवढे सामर्थ्य नसते.

जॉर्ज लुकाच यांनी ‘ऐतिहासिक कादंबरी’ या ग्रंथात वॉल्टर स्कॉटच्या ‘मधल्या नायका’चे जे विवेचन केले आहे, ते इथे अनेकांच्या डोळ्यांसमोर असते. दोन झुंजणाऱ्या गटांच्या मधे उभा असलेला, कोणत्याच बाजूचा पूर्णपणे न झालेला, म्हणूनच दोन्ही बाजूंना कादंबरीत प्रवेश देणारा साधारण नायक. अल्फ्रेदोला या जागी बसवले की सर्व काही नीट जुळते : तो फॅसिस्ट नाही, क्रांतिकारक नाही, दोघांमधला भला माणूस आहे. पण लुकाच यांच्या विवेचनाचा हा गैरवापर आहे. स्कॉटचा नायक मधे असतो, कारण त्याच्या हितसंबंधांनी त्याला अजून एका बाजूला खेचलेले नसते. अल्फ्रेदो मधे नाही. तो ज्या खुर्चीत बसला आहे ती वाड्याची खुर्ची आहे, आणि मधे असण्याचा त्याचा आविर्भाव हाच त्या खुर्चीचा सर्वांत मऊ गादीचा भाग आहे.

या संदर्भात बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘पुंटिला आणि त्याचा गडी मट्टी’ या १९४० साली लिहिलेल्या नाटकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. जमीनदार पुंटिला दारू प्यायला की मट्टीचा जिवलग मित्र असतो, शुद्धीवर आला की मालक. नाटकाचा विनोद त्या दोन अवस्थांच्या उलटापालटीत आहे, आणि नाटकाची निर्दयता त्यांच्या एकत्वात. प्यालेला पुंटिला खोटा आणि शुद्धीवरचा खरा, असे ब्रेख्त म्हणत नाहीत. दोन्ही एकाच सत्तेचे प्रहर आहेत. मट्टीला हे कळते आणि शेवटी तो निघून जातो. बेर्तोलुच्चींचा ओल्मो निघून जातो तो फॅसिस्टांच्या भयाने, मैत्रीचा हिशेब करून नव्हे. तो परत येतो आणि मित्राचा खटला चालवतो. त्या खटल्याविषयी पुढे लिहितोच. पण मट्टीचे जाणे आणि ओल्मोचे परतणे यांतील फरक हा केवळ कथानकाचा फरक नाही, एवढे इथे नोंदवतो.

आता अत्तीलाकडे. प्रस्तुत चित्रपटावरील माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. अत्तीला मांजराला डोक्याने ठोकून मारतो, मुलाचा खून करतो, रेजीनासोबत विकृत वासनेत लोळतो. फॅसिझमचे सर्व पाप त्याच्या देहावर, त्याच्या दातांवर, त्याच्या हास्यावर रचले जाते. १९४५ साली शेतकरी स्त्रिया हाती दाताळी घेऊन त्याला पकडतात आणि पुढे त्याचा वध होतो, तेव्हा प्रेक्षकाला जी मोकळीक मिळते तिचे शास्त्रीय नाव विरेचन. पण विरेचन कशाचे? पो नदीच्या खोऱ्यात १९२० ते १९२२ या काळात जे घडले ते विकृतीने घडले नव्हते. समाजवादी शेतमजूर संघटनांनी मजूर नेमण्याच्या प्रक्रियेवर ताबा मिळवला होता. हंगामात कोणाला कामावर घ्यायचे, किती दराने, हे मालकाच्या हातून निसटले होते. तो ताबा मोडण्यासाठी जमीनदारांनी पैसा पुरवला आणि टोळ्या पोसल्या. चित्रपटात जमीनदार चर्चमध्ये जमून वर्गणी गोळा करतात तो प्रसंग याचीच नोंद आहे, आणि तो प्रसंग चित्रपटातील उत्तम प्रसंगांपैकी एक आहे. पण तो काही मिनिटांचा आहे. अत्तीलाचे दात तासन्तास दिसतात.

शिवाय फॅसिस्टांनी केवळ मारहाण केली नाही, त्यांनी फूटही पाडली. ज्याच्यापाशी विकायला स्वतःच्या दोन बाहूंशिवाय काही नाही तो ‘ब्राच्चान्ते’, म्हणजे रोजंदार, आणि धन्याची जमीन अर्धेलीने कसणारा ‘मेद्झाद्रो’, म्हणजे वाटेकरी. यांचे हितसंबंध अनेकदा परस्परविरोधी होते. संघटनेच्या नेमणुकीचा काच वाटेकऱ्यालाही लागत होता, आणि जमिनीच्या तुकड्याची आशा दाखवून त्याला वेगळे काढता येत होते. आपल्या वाचकाला यासाठी इटलीचा इतिहास पालथा घालण्याची गरज नाही. सालदार, रोजंदार आणि कूळ हे तीन शब्द तीन भिन्न माणसे आहेत, एवढे ठाऊक असले की पुरे. चित्रपटातील शेतकरी मात्र एकच आहेत. एक आवाज, एक गाणे, एक लाल निशाण. जिथे फूट नाही तिथे फूट पाडणारे राजकारण दाखवता येत नाही, आणि मग फॅसिझमला राक्षसाखेरीज दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. ज्या पार्माच्या परिसरात हे सर्व घडते, त्याच शहरात ऑगस्ट १९२२मध्ये ओल्त्रेतोर्रेन्ते या गरीब वस्तीने रस्त्यांवर अडथळे उभारून इटालो बाल्बोच्या टोळ्यांना परतवले होते. तो प्रतिकार पडद्यावर येत नाही. येते काय, तर जळणारे लोकगृह आणि त्यात होरपळलेले म्हातारे. करुणेला जागा आहे, प्रतिकाराला नाही.

अत्तीला मेला की धन्याच्या हातावर रक्ताचा थेंबही उरत नाही. ‘मैत्री’चे वाचन शक्य होते ते यामुळेच. चित्रपटानेच ही वाट करून दिली आहे, हे मान्य करून मग टीकाकारांना दोष दिला पाहिजे.

दुसरी वाट ऋतूंची. व्हित्तोरिओ स्तोरारो यांच्या छायाचित्रणाची रचना ऋतुचक्रावर उभी आहे, हे सर्वश्रुत आहे : बालपण उन्हाळ्यात, फॅसिझम शरद आणि हिवाळ्यात, मुक्ती वसंतात. छायाचित्रण अप्रतिम आहे, हे वेगळे सांगायला नको. पण त्याच्या आशयाचा विचार कोणी करीत नाही. व्हेर्दी जानेवारीत वारला; पडद्यावर मात्र त्याच दिवशी हिरवीगार कुरणे कापणे चालले आहे. पार्माच्या थंडीत हे कसे, असा प्रश्न विचारणारा रुक्ष ठरेल, आणि तरीही तो विचारला पाहिजे. ऋतूच्या सोयीसाठी तारीख मोडली जाते, यातच चित्रपटाची इतिहासदृष्टी उघड होते. हिवाळा कोणी आणत नाही, तो येतो. वसंतासाठी कोणाला मरावे लागत नाही, तो येतो. इतिहास निसर्गात विरघळला की कर्ता नाहीसा होतो, आणि कर्ता नाहीसा झाला की उरतात दोन माणसे व त्यांचे सख्य.

आपल्या समीक्षेत या चित्रपटाला ‘महाकाव्यात्मक’ म्हटले जाते. ३१७ मिनिटांच्या लांबीला हे विशेषण शोभते खरे. पण मराठीत हे एकच विशेषण दोन परस्परविरुद्ध कामे करते, ही अडचण आपण कधी सोडवलेली नाही. हेगेलच्या परंपरेत महाकाव्य म्हणजे एका जीवनपद्धतीचे अखंड, समग्र दर्शन. ब्रेख्तच्या परंपरेत ‘एपिक’ रंगभूमी म्हणजे ती अखंडता मोडणारी, प्रसंगाला प्रसंगापासून तोडून प्रेक्षकाला निर्णय करायला लावणारी रचना. पहिल्या अर्थाने ‘नोव्हेचेन्तो’ महाकाव्यात्मक आहे आणि दुसऱ्या अर्थाने त्याच्या विरोधी आहे. ऋतूंचा आणि मोर्रिकोने यांच्या संगीताचा प्रवाह प्रसंगांना सांधून टाकतो. आपण मात्र हे विशेषण आदरार्थी बहुवचनासारखे वापरतो आणि त्याच्या आडून विश्लेषणाची सुटका करून घेतो.

डाव्या बाजूचा नेहमीचा आक्षेप, अंगणातील खटला इतिहासात घडलाच नाही हा, मला महत्त्वाचा वाटत नाही. इटलीतील कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तुळातूनही अशी टीका झाली होती. तो खटला स्वप्न आहे, आणि तसेच तो चित्रित झाला आहे. स्वप्नाला पुरावा मागू नये. उलट त्या स्वप्नात चित्रपट पुन्हा एकदा विचार करू लागतो. लिओनिदा नावाचे एक पोर बंदूक रोखून अल्फ्रेदोला कैद करते, शेतकरी एकेक करून आपले गाऱ्हाणे सांगतात, आणि ओल्मो निकाल देतो : धनी मेला आहे, अल्फ्रेदो मात्र जिवंत राहील, धनी मेल्याचा जिवंत पुरावा म्हणून. व्यक्ती आणि भूमिका यांची ही फारकत विलक्षण आहे. पण ती निकालातच उरते. मुक्तिसमितीचे प्रतिनिधी येतात, शस्त्रे जमा करून घेतात, भलेमोठे लाल निशाण घेऊन लोक धावत जातात आणि अंगण रिकामे होते. तेव्हा अल्फ्रेदो शांतपणे म्हणतो की धनी जिवंत आहे. पुढच्याच वर्षी, १९४६ साली, कम्युनिस्ट नेते आणि न्यायमंत्री पाल्मिरो तोल्यात्ती यांनी फॅसिस्टांना सार्वत्रिक माफी दिली. अर्धेलीचे नवे करार कायद्याने बंद होण्यास १९६४ उजाडावे लागले. अल्फ्रेदोचे वाक्य इतिहासाला ओल्मोच्या निकालापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि ते वाक्य मित्राचे नाही, धन्याचे आहे. ‘मैत्री टिकते’ म्हणणाऱ्यांनी चित्रपट इथपर्यंत पाहिला असता तरी पुरे होते.

निर्मितीविषयी एकच नोंद. तीन अमेरिकन वितरण कंपन्यांचा पैसा या लाल निशाणांमागे होता. याचा उपहास पुष्कळ झाला आहे आणि तो स्वस्त आहे; पैसा कुठून तरी येणारच. अधिक विचार करण्याजोगी गोष्ट ही की धनी अमेरिकन नटाने केला (रॉबर्ट डी निरो), गडी फ्रेंच नटाने (जेरार दपार्द्यू), आणि एमिलियाचे खरे शेतकरी त्यांच्या मागे जमावात उभे राहिले. पेलित्साच्या चित्रात मागे चालणाऱ्यांनाही स्वतःचे चेहरे होते.

शेवटी दोघे म्हातारे एकमेकांशी खटके उडवत, ढकलाढकली करत रस्त्याने जातात, आणि अल्फ्रेदो रुळांवर जाऊन पडतो. अनेकांना इथे गहिवर येतो. म्हणे, बालपण परतले. पण बालपणी रुळांवर ओल्मो पडला होता. धन्याला ते धाडस आयुष्याच्या शेवटी होते, जेव्हा पणाला लावण्याजोगे काही उरलेले नाही. आणि तो आडवा पडतो, रुळांच्या मधे नव्हे. गाडी आली तर वरून निघून जाणार नाही.